परसातल्या भाज्या आणि भट्टीतला पास्ता

बेक्ड पास्ता बिघडला तर दोनच तऱ्हांनी बिघडतो. एक तर वरून छान सोनेरी दिसणाऱ्या थरात पहिला चमचा घालताच तळाशी साचलेलं भाज्यांचं पाणी वर येतं. नाही तर सॉस सगळा आटून जातो आणि कडेचा पास्ता चामट लागतो. मीठ, चीज, मसाला यांत काही चुकलेलं नसतं, पाण्याचा हिशोब चुकलेला असतो. पाणी भाजीत असतं, सॉसमध्ये असतं, अर्धवट शिजलेला पास्ता ते पीत असतो आणि भट्टी त्यातलं थोडं उडवत असते. हे गणित एकदा समजलं की परसातल्या, गच्चीवरच्या कुंड्यांतल्या किंवा मंडईतून आणलेल्या भाज्यांचा हा पदार्थ नवशिक्या हातालाही पहिल्याच वेळी जमतो. म्हणून कृतीबरोबर तिच्यामागची कारणंही इथे सांगतो आहे. कारणं कळली की वजनकाट्याची फार गरज उरत नाही.

पदार्थ दक्षिण इटलीचा, आणि त्यातही सिसिलीत फार प्रेमाने केला जाणारा. त्या बेटावर पास्ता किती जुना, याचा एक भक्कम पुरावा आहे. भूगोलकार अल-इद्रिसी याने नॉर्मन राजा दुसरा रॉजर याच्यासाठी लिहिलेला ग्रंथ ११५४ साली पूर्ण केला. त्यात पालेर्मोजवळच्या त्राबिया या गावाची नोंद आहे: तिथे वाळवलेल्या शेवया मोठ्या प्रमाणावर बनतात आणि जहाजांत भरून कॅलाब्रियाला, तसंच मुस्लिम आणि ख्रिस्ती अशा दोन्ही मुलखांत जातात. वांगंही तिथे अरबांबरोबरच पोचलं. टोमॅटो मात्र अमेरिकेतून आलेला, त्यामुळे बराच उशिरा रुळला. नेपल्समध्ये १६९०च्या दशकात आंतोनियो लातीनीने छापलेल्या पाकग्रंथात टोमॅटोचा सॉस सापडतो, पण त्याची पास्त्याशी जोडी जमायला एकोणिसावं शतक उजाडावं लागलं. आज जो लालभडक बेक्ड पास्ता आपल्याला पिढ्यान्‌पिढ्यांचा वाटतो, त्याचं वय जेमतेम दोनशे वर्षांचं आहे.

पालेर्मोत या पदार्थासाठी आनेल्लेत्ती नावाचा बारीक कड्यांच्या आकाराचा पास्ता वापरतात. मेस्सिनात ‘पास्ता न्कशाता’ करतात. त्यात तळलेल्या वांग्यांचे थर आणि काचोकावाल्लो चीज असतं. १५ ऑगस्टला तिथे फेर्रागोस्तोची सुट्टी असते. त्या दिवशी समुद्रावर निघालेल्या कुटुंबांच्या टोपल्यांत आदल्या रात्री भाजून ठेवलेला पास्ता हमखास असतो. श्रीमंती थाट पाहायचा तर ज्युसेप्पे तोमासी दी लाम्पेदूझाची १९५८ साली प्रसिद्ध झालेली ‘इल गात्तोपार्दो’ ही कादंबरी उघडावी. तिच्यातल्या मेजवानीत मॅकरोनीचा जो भाजलेला डोंगर येतो, त्याच्या साखर-दालचिनीच्या कवचाखाली कोंबडीची काळजं, उकडलेली अंडी आणि हॅम दडलेलं असतं. घरोघरचा पास्ता इतका नटलेला नसतो. बागेत जे पिकलं, घरात जे चीज उरलं, त्यातून तो होतो, आणि मला तोच जास्त आवडतो.

आपल्याकडे हा पदार्थ करताना पहिली गोष्ट ध्यानात ठेवावी ती हंगामाची. सिसिलीत वांगी आणि टोमॅटो ऐन उन्हाळ्यात, जुलै-ऑगस्टमध्ये बहरतात. महाराष्ट्रात त्या महिन्यांत धो धो पाऊस असतो, आणि पावसाळी टोमॅटो आंबट, पाणीदार असतो. आपला खरा बेक्ड पास्ता डिसेंबर ते फेब्रुवारीचा. पुण्या-नाशकाकडच्या गच्चीतल्या कुंड्यांमध्ये तेव्हा टोमॅटो झाडावरच लाल होतो, वांगी तुकतुकीत असतात, ढोबळी मिरची जाड सालीची असते आणि पालक जोमात असतो. थंडीत ओव्हन तासभर चालू राहिला तरी स्वयंपाकघर तापल्याचा त्रास होत नाही, हा आणखी एक फायदा.

पावसाळ्यात करायचाच असेल तर वेलावरच्या भाज्या घ्याव्यात, आणि त्यांत पहिला मान दुधीला द्यावा. पास्त्यात दुधी म्हटलं की पुष्कळांना ती महागड्या झुकिनीची गरिबाघरची बदली वाटते. तसं काही नाही. सिसिलीत उन्हाळाभर खाल्ली जाणारी लांबलचक, फिकट हिरवी ‘कुकुत्सा’ म्हणजे वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने आपला दुधीच. तिच्या वेलाचे कोवळे शेंडे आणि पानं पास्त्याबरोबर शिजवून तिथे पातळ सूप करतात. दुधी आणि पास्ता ही जोडी तिथल्याच मातीत जुळलेली आहे.

आता पास्त्याकडे वळू. सुका पास्ता होतो तो ड्युरम गव्हाच्या रव्यापासून. हा गहू चपातीच्या गव्हापेक्षा कठीण, काचेसारख्या चमकदार दाण्याचा आणि पिवळसर. चपातीच्या गव्हाच्या पेशीत ४२ गुणसूत्रं असतात, ड्युरमच्या २८. त्याच्यातली प्रथिनं मळल्यावर ताठ, घट्ट जाळं बनवतात. शिजताना त्या जाळ्यात स्टार्चचे कण अडकून फुगतात, पण बाहेर सांडत नाहीत. दोनदा शिजणाऱ्या पदार्थात, म्हणजे आधी पातेल्यात आणि मग भट्टीत, हे जाळंच पास्त्याला तारतं. इटलीने १९६७ सालीच कायदा करून सुक्या पास्त्यासाठी ड्युरमचा रवा बंधनकारक केला. आपल्या दुकानांत साध्या गव्हाच्या रव्याची स्वस्त मॅकरोनीही मिळते. ती पातळ सूपात चालून जाते, पण भाजायच्या पास्त्यात तिचा लगदा होतो. पाकीट उलटं करून घटकांची यादी वाचावी आणि ‘ड्युरम’ दिसलं तरच घ्यावं.

ड्युरम गहू आपल्याला परका मुळीच नाही. महाराष्ट्रात पिढ्यान्‌पिढ्या पेरला गेलेला बन्सी गहू ड्युरमच आहे, आणि उन्हाळ्यातल्या वाळवणात शेवयांसाठी बन्सीचाच रवा मागितला जाई, तो याच ताठपणामुळे. पुण्याची आघारकर संशोधन संस्था आजही ड्युरमचे वाण तयार करते. तिच्या ‘एमएसीएस ४०२८’ या वाणात प्रथिनांचं प्रमाण १४.७ टक्के आहे. आणि आकारांबद्दल बोलायचं तर लग्नघरी हाताने वळलेले गव्हले, नखुले, मालत्या, बोटवे आठवा. भिजवलेला रवा चिमटीत धरून, बोटांवर वळून, उन्हात वाळवायचा आणि हव्या त्या दिवशी शिजवायचा, हे कसब सिसिलीच्या आज्यांकडे होतं तसंच आपल्याही आज्यांकडे होतं. गव्हल्यांची खीर करताना आपण जे करतो, त्याला इटलीत पास्ता शिजवणं म्हणतात.

चार-पाच माणसांसाठी ३०० ग्रॅम पास्ता पुरे. आकार पोकळ घ्यावा: पेने, रिगातोनी, नाही तर वाकडी मॅकरोनी. पोकळीत सॉस शिरतो आणि भट्टीत आतूनही ओल मिळत राहते. १०० ग्रॅम सुका पास्ता पूर्ण शिजला की साधारण २२० ते २४० ग्रॅम भरतो. म्हणजे ३०० ग्रॅमला पोटभर पाणी म्हणजे जवळपास ४०० मिलिलिटर. हे सगळं पाणी त्याला पातेल्यातच पाजलं तर भट्टीत तो सॉसचं पाणीही ओढत राहतो आणि फुगून फुटतो. म्हणून पाकिटावर ११ मिनिटं लिहिली असतील तर सातव्या मिनिटाला काढावा. एक तुकडा दाताने तोडून पाहावा. मधोमध पांढरा ठिपका दिसला तर बरोबर. तो अजून न शिजलेला गाभा आहे. उकळत्या पाण्यात मीठ हवं, लिटरला १० ग्रॅमच्या आसपास. भट्टीत गेलेल्या पास्त्याच्या आत नंतर मीठ पोचवता येत नाही. गाळल्यावर थंड पाण्याखाली धुऊ नये, कारण अंगावरचा चिकट स्टार्चच सॉसला धरून ठेवतो. गाळण्याआधी वाटीभर पाणी मात्र बाजूला काढून ठेवावं.

याहून सोपी एक रीत आहे, आणि मोठं पातेलं उकळायचा कंटाळा असेल तर मी तीच सुचवेन. सुका पास्ता साध्या, किंचित खारट गार पाण्यात पाऊण ते एक तास भिजत घालायचा. गव्हाचा स्टार्च साधारण ५५ ते ६५ अंश सेल्सिअसच्या आसपास फुगू लागतो. गार पाण्यात तो शांत राहतो. त्यामुळे पास्ता पाणी पितो, लवचीक होतो, पण शिजत नाही आणि एकमेकांना चिकटतही नाही. तो गाळून सॉसमध्ये कालवला की उरलेलं काम भट्टी करते. पाणी आधी आणि उष्णता नंतर, अशी दोन कामं वेगळी केल्यामुळे चुकायला जागाच कमी उरते. फक्त सॉस नेहमीपेक्षा पातळ हवा, आणि पहिली वीस-पंचवीस मिनिटं भांडं फॉइलने झाकून वाफ आत कोंडायला हवी.

हिशोबाचा सगळ्यात मोठा आकडा मात्र भाज्यांचा असतो. एक किलो टोमॅटोत साधारण ९४० ग्रॅम पाणी असतं. दुधी आणि झुकिनीत ९५ टक्क्यांच्या घरात, वांग्यात, ढोबळी मिरचीत आणि पालकात ९० टक्क्यांहून जास्त. ‘ओव्हनमध्ये आटेलच की’ असं म्हणून कच्च्या भाज्या थेट पास्त्यात मिसळणाऱ्यांनी एक गणित करून पाहावं. आधीच उकळत असलेल्या एक लिटर पाण्याची पूर्ण वाफ करायला सुमारे ०.६३ युनिट वीज लागते. १५०० वॅटचा ओटीजी २५ मिनिटं अखंड चालला तर जेमतेम तेवढीच वीज खातो, आणि तिच्यातला मोठा भाग पत्र्याला, भांड्याला आणि हवेला तापवण्यात जातो. म्हणजे किलोभर कच्च्या भाजीचं पाणी उडवणं त्या अर्ध्या तासात शक्यच नाही. शिवाय जोवर पृष्ठभाग ओला आहे तोवर त्याचं तापमान १०० अंशांच्या वर सरकत नाही, आणि खरपूस तपकिरी रंग येऊ लागतो तो १४० अंशांच्या आसपास. ओली भाजी वरच्या चीजलाही सोनेरी होऊ देत नाही.

म्हणून भाज्या आधी भाजायच्या. वांगी, ढोबळी मिरची, दुधी, कांदा यांचे बोटाच्या पेराएवढे तुकडे करावेत, दोन-तीन चमचे तेल आणि मीठ चोळावं, ट्रेमध्ये एकाच थरात पसरावेत आणि २१० ते २२० अंशांवर अर्धा तास भाजावेत. मध्ये एकदा परतावेत. ‘एकाच थरात’ हे महत्त्वाचं. ढीग केला की खालचे तुकडे वरच्यांच्या वाफेत उकडत राहतात. भाजी आकसून, कडांना डाग पडून निघाली की पाणी तर गेलंच, पण गोडवाही दाट झालेला असतो. दुधीच्या बाबतीत ही पायरी टाळली तर पदार्थ बिघडलाच म्हणून समजा. तांबडा भोपळा मोठ्या फोडी करून भाजावा, सालीसकट चालतो. उत्तर इटलीतल्या मांतुआ शहरात तो पास्त्याच्या पारीत भरतात, आणि त्याची चव पांढऱ्या सॉसशी सुरेख जमते.

वांग्याला एक वेगळी सवय आहे. त्याचा गर स्पंजी असतो, पेशींच्या मध्ये हवेची पोकळी असते, म्हणून ते तेल पिऊन घेतं. चकत्यांना मीठ लावून अर्धा तास ठेवलं की पाणी सुटतं, गर बसतो आणि तेल कमी लागतं. हल्लीची वांगी फारशी कडू नसतात. कडूपणासाठी म्हणून मीठ लावायची गरज उरलेली नाही, तेलासाठी मात्र आहे. भरताचं मोठं वांगं यासाठी उत्तम. काटेरी देठाची छोटी वांगी चविष्ट, पण बियाळ. त्यांचे चार भाग करून भाजावेत.

पालक भाजू नये. गरम कढईत नुसता टाकावा, दोन मिनिटांत अर्धा किलोचा मूठभर होतो. गार करून दोन्ही हातांनी घट्ट पिळावा. पिळलेलं पाणी आमटीत जाऊ दे, पास्त्यात नको. मेथीची पिळलेली छोटी मूठ पांढऱ्या सॉसमध्ये घालून पाहाच. तिचा कडवटपणा चीजच्या स्निग्धपणाला छान कापतो. मटार, मक्याचे दाणे उकळून निथळलेले पुरे. भेंडी आणि काकडी या पदार्थात नकोत.

टोमॅटोचा मार्ग वेगळा. तो भाजला तरी चालतो, पण त्याचा सॉस करणं जास्त चांगलं, कारण पास्त्याला उरलेली तहान भागवायला काहीतरी ओलं लागणारच आहे. जाड बुडाच्या पातेल्यात तीन-चार चमचे तेलावर ठेचलेला लसूण मंद परतावा, गुलाबी होऊ लागताच एक किलो पिकलेले टोमॅटो चिरून घालावेत, मीठ घालून झाकण न ठेवता शिजवावेत. अर्ध्या-पाऊण तासात निम्मे आटतात. बिया काढून टाकू नयेत. टोमॅटोच्या रुचकरपणाचं मूळ असलेलं ग्लुटामेट बियांभोवतीच्या बुळबुळीत गरात बाहेरच्या मांसल भागापेक्षा जास्त असतं. साली नको असतील तर शेवटी चाळणीतून काढाव्यात. बाजारी टोमॅटो फारच आंबट निघाला तर चिमूटभर साखर. झाडावर पिकलेल्या टोमॅटोला तिची गरज पडत नाही, आणि हा फरक प्रत्येकाने एकदा तरी स्वतः चाखावा.

सॉसमध्ये तुळस घालायची असते, पण देवापुढची तुळस नव्हे. इटालियन बेसिल ही वेगळी जात आहे, आणि गंमत म्हणजे ती आपल्याकडे सब्जा म्हणून कधीचीच आहे. फालुद्यात घालतो ते सब्जाचं बी याच जातीचं. किराणा दुकानातलं बी कुंडीत भुरभुरलं तर बहुधा उगवतं. पानांचा वास इटालियन वाणापेक्षा थोडा निराळा, पण टोमॅटोशी उत्तम जमणारा असतो. पानं सॉस उतरवल्यावर हाताने तोडून घालावीत. उकळत्या सॉसमध्ये त्यांचा वास उडून जातो.

आता पांढरा सॉस. २५ ग्रॅम लोणी, २५ ग्रॅम मैदा, अर्धा लिटर दूध, थोडं किसलेलं जायफळ. जायफळ इटलीतही याच सॉसमध्ये पडतं. कोकणातल्या वाडीतलं ताजं मिळालं तर फारच छान. लोण्यात मैदा दोन मिनिटं परतून कच्चा वास घालवावा, मग दूध थोडं थोडं ओतत सतत ढवळावं. गुठळ्या होतात त्या एकदम ओतल्याने: मैद्याच्या गोळीचा बाहेरचा थर क्षणात फुगतो आणि आतलं कोरडं पीठ त्यात बंद होऊन बसतं. लोण्यात परतल्यामुळे मैद्याचा कण न् कण सुटा होतो, म्हणूनच ही पायरी आहे. सॉस खदखदू लागेपर्यंत शिजवावा, त्याआधी स्टार्च पूर्ण दाटत नाही. चमच्याच्या पाठीवर पातळ थर राहील इतपतच घट्ट ठेवावा. भट्टीत तो आणखी घट्ट होणार आहे.

टोमॅटो आणि दूध एकत्र आलं तर फाटणार नाही का, असा प्रश्न आपल्याकडे हमखास येतो. साधं दूध खरोखरच फाटेल, कारण टोमॅटोची आम्लता त्यातल्या केसीन प्रथिनाला एकत्र गोळा करते. पण पांढऱ्या सॉसमध्ये फुगलेला स्टार्च प्रथिनांच्या मध्ये येऊन उभा राहतो, त्यांना एकमेकांना सहज चिकटू देत नाही. म्हणून दोन्ही सॉस एकाच ट्रेमध्ये सुखाने नांदतात.

चीज वरच्या थरासाठी दीडशे ग्रॅम मोझरेला पुरतं. थोडं जुनं, खारट, किसता येणारं चीज मिळालं तर तेही घालावं. पनीर घालायला हरकत नाही, पण ते वितळेल अशी अपेक्षा ठेवू नये. मोझरेलातली केसीनची साखळी कॅल्शियमच्या दुव्यांनी सैलसर जोडलेली असते आणि उष्णतेने ती ताणली जाते. पनीर करताना दूध उकळून आम्लाने फाडतो. तेव्हा बरंचसं कॅल्शियम निवळीबरोबर निघून जातं आणि प्रथिनं घट्ट गुंफली जातात. त्यामुळे पनीर गरम होतं, वितळत नाही. छोटे तुकडे भाज्यांबरोबर आत घालावेत. चीज कमी असेल तर दक्षिण इटलीतली कष्टकरी घरांची युक्ती वापरावी: शिळ्या पावाचा चुरा तेलात खरपूस परतून वरून भुरभुरवणं. आपल्याकडचा शिळा लादीपाव या कामाला अगदी योग्य आहे. तो जादा ओलही टिपून घेतो.

रचना अगदी साधी. पास्ता, भाजलेल्या भाज्या, टोमॅटोचा सॉस आणि निम्मा पांढरा सॉस मोठ्या पातेल्यात कालवावा. मिश्रण गरजेपेक्षा किंचित ओलं वाटलं पाहिजे. कोरडं वाटलं तर बाजूला ठेवलेलं पास्त्याचं पाणी घालावं. अर्धवट शिजलेला पास्ता अजून दीडशे मिलिलिटरच्या आसपास पिणार आहे, त्याची ही तरतूद. तेल लावलेल्या ३० बाय २० सेंटिमीटरच्या खोलगट भांड्यात ओतावं, वर उरलेला पांढरा सॉस, चीज आणि पावाचा चुरा. ओव्हन दहा-पंधरा मिनिटं आधीच तापवून ठेवावा. १९० ते २०० अंशांवर, मधल्या खणात, वरचा-खालचा दोन्ही रॉड चालू ठेवून २५ मिनिटं; भिजवलेला पास्ता असेल तर आधीची झाकलेली २०-२५ मिनिटं वेगळी. शेवटची पाच मिनिटं नुसता वरचा रॉड. काचेचं भांडं उशिरा तापतं, त्याला थोडा वेळ जास्त द्यावा, आणि बाहेर काढल्यावर ते ओल्या ओट्यावर ठेवू नये, तडकतं.

वरून आणि खालून विस्तव हे तंत्र आपल्या घरात ओव्हनच्या कितीतरी आधी होतं. कोकणातली तवसळी हे याचं सुंदर उदाहरण, आणि मला ती या पास्त्याची सख्खी बहीण वाटते. पावसाळ्यात वेलावर जून झालेलं मोठं तवसं, म्हणजे काकडी, किसायचं, त्याचं सुटलेलं पाणी फेकायचं नाही, त्याच पाण्यात तांदळाचा रवा आणि गूळ भिजवायचा, आणि जाड भांड्यात घालून खाली मंद आच आणि झाकणावर निखारे ठेवायचे. भाजीतल्या पाण्यावर रवा फुलतो, वरून कवच धरतं. बाहेरचं पाणी जवळजवळ लागतच नाही. भाजीचं पाणी कुणाला पाजायचं हे ज्या सुगरणीने शोधून काढलं, तिला बेक्ड पास्ता शिकवायला वेळ लागणार नाही.

ओव्हन नसेल तर जाड बुडाच्या पसरट भांड्यात मिश्रण घालून ते तव्यावर ठेवावं आणि घट्ट झाकणाला स्वच्छ पंचा बांधून मंद आचेवर २५ मिनिटं ठेवावं. पंचा वाफेचे थेंब टिपतो, नाही तर तेच पाणी पुन्हा पास्त्यावर पडतं. वरून तांबूस रंग येणार नाही, म्हणून पावाचा चुरा वेगळा परतून वाढताना घालावा. नुसता मायक्रोवेव्ह मात्र यासाठी वापरू नये. तो अन्नातलं पाणी तापवतो, भोवतालची हवा गार राहते, आणि कवच बनतच नाही.

भट्टीतून निघालेला पास्ता लगेच वाढायचा मोह होतो. वासच असा असतो. तरीही दहा-पंधरा मिनिटं थांबावं. आतला सॉस अजून उकळत असतो आणि पातळ असतो. निवताना स्टार्च घट्ट होतो, पास्ता शेवटचा घोट पितो आणि तुकडा सुबक कापला जातो.

उरलेला पास्ता दुसऱ्या दिवशी आणखी घट्ट होतो, कारण थंडीत स्टार्चचे धागे पुन्हा एकमेकांशी जुळतात. ट्रे अ‍ॅल्युमिनियमचा असेल तर टोमॅटोच्या आंबटपणामुळे त्यात रात्रभर ठेवू नये, काचेच्या किंवा स्टीलच्या डब्यात काढावा. सकाळी फ्रीजमधून काढून थेट तुकडे कापावेत आणि तव्यावर थोड्या तेलावर, झाकण ठेवून, मंद आचेवर दोन्ही बाजूंनी भाजावेत. मुलांच्या डब्यात द्यायचा तर असाच कडक कडांचा द्यावा. निवला तरी त्याचा लगदा होत नाही, आणि एरवी दुधीकडे पाहून नाक मुरडणारी मुलंसुद्धा तो संपवून येतात.